गिरणी, कान आणि विसरणं

आपल्या कुर्ल्याचा इतिहास म्हटला की १८८६ साल निघतंच. जमशेटजी टाटांनी डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली, तिची स्वदेशी मिल झाली. मालकांचा इतिहास लिहिला गेला. साचेखात्यात बहिऱ्या झालेल्या कानांचा कुणी लिहिला?

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. खडखडाट एवढा, की शेजारच्याशीही हातवाऱ्यांनी बोलायचं. १९८२च्या संपात नोकरी गेली. कान आधीच गेले होते. घरी आम्ही हसायचो, बाबांना सगळं दोनदा सांगावं लागतं! मग ते बोलणंच टाळू लागले. नाका सुटला, भजन सुटलं. पुढे घरचा रस्ता चुकायला लागले, तर आम्ही म्हणालो, वय झालं.

लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे आटोक्यात आणता येणारे १४ धोके आहेत. ऐकू कमी येणं, कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, खराब हवा, एकटेपणा... कामगार वस्तीचीच यादी वाटते. हे सगळे आवरले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो, असं त्यात म्हटलंय. बहिरा माणूस विसरतोच असं नाही, पण धोका वाढतो.

आमच्या चाळीत साचेखात्यातले तिघं अजून आहेत. रविवारी त्यांना कान तपासायला नेतोय. रक्तदाबही बघून घेऊ.