'थाई' कोणाला म्हणावे? : एका शब्दाचे तीन अर्थ

थायलंडच्या रहिवाशांचा उल्लेख करण्यासाठी इंग्रजीत 'थाई' हाच प्रमाण शब्द आहे. तो नाम आणि विशेषण या दोन्ही रूपांत वापरला जातो. त्या देशाच्या भाषेचे नावही तेच आहे. नाम म्हणून योजल्यास अनेकवचनात शेवटी 'एस' हे अक्षर जोडले जाते. 'थायलंडर' किंवा 'थायलंडीज' ही रूपे प्रमाण इंग्रजीत नाहीत.

आइसलँड, न्यूझीलंड या देशांच्या नावांवरून 'आइसलँडर', 'न्यूझीलंडर' हे शब्द तयार झाले. त्यांच्याच धर्तीवर 'थायलंडर' हे रूप सुचते. मात्र थायलंडची स्थिती फिनलंड आणि पोलंडसारखी आहे. तेथे लोकांचे नाव मूळ असून देशाचे नाव त्यावरून आले आहे. थाई भाषेत देशाला 'प्रथेत थाय' म्हणतात. यातील 'प्रथेत' हे संस्कृत 'प्रदेश' शब्दाचेच रूप होय. थाई माणसाला 'खोन थाय' असे म्हटले जाते.

हे नाव अधिकृत होण्यालाही इतिहास आहे. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने १९३९ मध्ये 'सयाम' हे नाव बदलून 'थायलंड' केले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ जुने नाव पुन्हा प्रचारात आले. पुढे 'थायलंड' हेच नाव कायम झाले. त्यामुळे १९३९ पूर्वीच्या घटनांबाबत 'सयाम' आणि 'सयामी' हे शब्द योग्य ठरतात, आजच्या नागरिकांसाठी मात्र नाहीत. १८११ मध्ये सयाममध्ये जन्मलेल्या चँग आणि एंग या भावांमुळे रूढ झालेला 'सयामी जुळे' हा शब्दप्रयोगही आता मागे पडत असून, त्याऐवजी 'शरीराने जोडलेली जुळी' असे म्हणणे उचित.

अधिक काळजी घ्यावी लागते ती वंश आणि नागरिकत्व यांतील भेदाबाबत. 'थाई' हे बहुसंख्य समाजाचे नाव आहे, तसेच ते नागरिकत्वाचेही नाव आहे. पट्टानी, याला आणि नाराथिवात या दक्षिणेकडील प्रांतांत मलय भाषा बोलणाऱ्या मुस्लिमांची संख्या मोठी आहे. ते वंशाने मलय असले, तरी नागरिक थायलंडचेच आहेत. तेथील संघर्षाच्या बातमीत 'थाई विरुद्ध मुस्लिम' अशी मांडणी केल्यास हे नागरिक आपल्याच देशात परके ठरतात. उलटपक्षी, थायलंडमध्ये राहणारा प्रत्येक जण थाई नसतो. म्यानमारमधून आलेले स्थलांतरित कामगार तेथे मोठ्या संख्येने आहेत. देशाच्या नावातच एका समाजाचे नाव असल्याने इतिहासकार चार्नवित कासेतसिरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी सर्वसमावेशक 'सयाम' हे नाव परत आणावे, अशी मागणी केली आहे.

भारतीय वाचकांसाठी आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. इंग्रजीत 'टी-एच-ए-आय' हे थायलंडशी संबंधित, तर 'एच' नसलेले 'टी-ए-आय' हे एका विस्तृत भाषिक समूहाचे नाव आहे. थाई, लाओ, म्यानमारमधील शान, अरुणाचल प्रदेश आणि आसाममधील खामती हे सारे या समूहात मोडतात. सुकाफाच्या नेतृत्वाखाली १२२८ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आलेले आहोमही मूळचे याच समूहातील. त्यांना 'थाई' म्हणणे म्हणजे भारतीय समाजाला परदेशी राष्ट्राचे नाव देणे होय. तैवानच्या नागरिकांचा तर या दोन्ही शब्दांशी संबंध नाही. त्यांच्यासाठी 'तैवानी' हा शब्द आहे.

इंग्रजी भाषक 'थाई'चा उच्चार 'टाय' असा करतात. थाई भाषेतील मूळ ध्वनी महाप्राण असल्याने देवनागरीतील 'थ' त्याला अधिक जवळचा आहे. मराठीत 'थाई' हे विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही : थाई पुरुष, थाई स्त्री, थाई लोक. व्यापक समूहासाठी 'ताई' लिहिल्यास मोठ्या बहिणीच्या संबोधनाशी गोंधळ होतो. म्हणून 'ताय-आहोम', 'ताय भाषासमूह' असे लेखन सोयीचे ठरते.

थोडक्यात, नागरिकत्व अभिप्रेत असेल तेथे 'थाई नागरिक', केवळ वास्तव्य सांगायचे असेल तेथे 'थायलंडमधील रहिवासी' आणि वंशाचा संदर्भ बातमीला आवश्यक असेल तेव्हाच त्या समाजाचे स्वतंत्र नाव वापरावे.