कॅसिनोच्या संगमरवरावरची आपली माणसे

आम्हा बेळगावकरांना मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. या रेजिमेंटचे केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे. कॅम्पातल्या रस्त्याने धावत जाणारी रिक्रूट पोरे आपण लहानपणापासून पाहत आलो. पण इथून शिकून गेलेले किती जवान परत आलेच नाहीत आणि ते कुठे विसावले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. इटलीच्या सहलीला जाणारी आपली मंडळी रोम, व्हेनिस, पिसा पाहून परततात. त्यांच्यासाठी ही थोडी माहिती.

रोमच्या आग्नेयेस सुमारे 130 किलोमीटरवर कॅसिनो हे गाव आहे. वर डोंगरावर प्राचीन मठ, खाली दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांची दफनभूमी. जानेवारी ते मे 1944 या काळात इथे चार मोठ्या लढाया झाल्या. दफनभूमीतल्या कॅसिनो स्मारकावर, हिरव्या संगमरवरात, ज्यांचे थडगे कुठेच नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांतले एक नाव नाईक यशवंत घाडगे.

घाडगे रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्याचे. वय अवघे 22. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सोबतचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्याच जागी शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण देह सापडला नाही.

याच रेजिमेंटचे नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली आणि बांधावर चढून शिवछत्रपतींचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते 1984 पर्यंत जगले.

इटलीत साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. मुस्लिम सैनिकांना दफन केले गेले, हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला. म्हणून फोर्ली येथील भारतीय दफनभूमीत थडग्यांसोबत अग्निसंस्कार झालेल्या सातशेहून अधिक जणांचे वेगळे स्मारक आहे. आपल्या माणसांना शोधताना नुसती थडगी पाहून परतू नये, ते या कारणासाठी.

एक प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. हे जवान ज्या साम्राज्यासाठी लढले, त्याच साम्राज्याने 1942 मध्ये त्यांच्या गावांतल्या तरुणांना तुरुंगात डांबले होते. मग त्यांचा अभिमान बाळगावा कसा? आम्हांला वाटते, युद्ध कोणाचे होते हा हिशेब इतिहासाने मांडावा. पण पगाराची मनिऑर्डर घरी धाडणारा आणि शेजारच्या जखमी सोबत्याला टाकून न जाणारा मुलगा आपलाच होता. त्याला विसरणे हा न्याय नव्हे.

इटलीतल्या लोकांनी तरी त्याला विसरलेले नाही. मोंतोने या गावाने 2023 मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय आहे.

ज्यांना तिथवर जाणे शक्य नाही, त्यांनी मुंबई-गोवा रस्त्यावरून जाताना माणगावात थांबून घाडगे यांच्या पुतळ्याला नमस्कार करावा. आणि घरात आजोबा-पणजोबांचे पलटणीतले कागद, पदके, पेन्शनची पुस्तके असतील तर ती जपून ठेवावीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक सैनिकांच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि गावही दिलेले आहे. तिथले नाव आणि आपल्या ट्रंकेतला कागद जुळला, तर ऐंशी वर्षांनी का होईना, एका घराला आपला माणूस कुठे आहे ते कळेल.