हॉकीच्या व्हिडिओ गेममधला जाडा गडी आणि खो-खोतला वजीर: 'गेम बॅलन्स' म्हणजे नेमकं काय?

गेमचं नवं अपडेट आलं की कॉमेंटमध्ये दोन शब्द हमखास दिसतात: 'नर्फ' आणि 'बफ'. एखादं हत्यार किंवा कॅरेक्टर कमजोर केलं की नर्फ, ताकदवान केलं की बफ. ही सगळी दुरुस्ती ज्यासाठी चालते, त्याला गेम बॅलन्स म्हणतात. सगळ्यांना एकसारखं करणं असा त्याचा अर्थ नाही. कुठलाच डाव हुकमी ठरू नये आणि प्रत्येक फायद्याची काहीतरी किंमत मोजावी लागावी, एवढाच हेतू. पण याच आकड्यांवर आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे संघात जागा कोणाला मिळणार.

जागा चार, शरीरं तीन

निन्टेन्डोच्या १९८८ सालच्या 'आइस हॉकी' या गेममध्ये हे चटकन कळतं. (ही बर्फावरची हॉकी, ध्यानचंद यांची नव्हे.) गोलकीपर सोडून चार खेळाडू निवडायचे, तेही तीनच प्रकारांतून: सडपातळ, मध्यम आणि जाडा.

सडपातळ गडी सर्वांत वेगवान, पण धक्का बसला की आडवा. जाडा संथ, पण त्याचा फटका जबर आणि त्याला पाडणं अवघड. मध्यम सगळ्यात बरा, कशातच अव्वल नाही. चारही जाडे घेतले तर पकपर्यंत, म्हणजे त्या चपट्या चकतीपर्यंत, पोचायलाच उशीर होतो. चारही सडपातळ घेतले तर पक मिळतो, पण ताब्यात टिकत नाही. तीन प्रकारांतून एकूण १५ तऱ्हेचे संघ तयार होतात आणि त्यातला सर्वोत्तम कोणता, यावर हमखास वाद रंगतो. वाद संपत नाही, याचाच अर्थ बॅलन्स जमला आहे.

ईए स्पोर्ट्सच्या 'एनएचएल ९४'मध्ये (१९९३) उलट घडलं. सेगाच्या आवृत्तीत वजनाचा हिशेब चुकीचा बसला आणि हलके खेळाडू भारदस्त खेळाडूंना धडकून सहज पाडू लागले. खऱ्या बर्फावर ज्यांचा धाक, ते गेममध्ये ओझं ठरले. तेव्हा गेम कार्ट्रिजवर यायचा, विकल्यानंतर अपडेट पाठवायची सोय नव्हती. चूक राहिली ती राहिलीच.

मैदानी खेळाचंही अपडेट येतं

तिथे कोडऐवजी नियमपुस्तक बदलतं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरवले. त्या खेळात बॅलन्स मुळातच भक्कम आहे. पाठलाग करणाऱ्याच्या मदतीला आठ जण पाटीवर बसलेले असतात, पण त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र कुठेही वळू शकतो. ही बंधनं काढली तर पळणारे मिनिटभरही टिकणार नाहीत.

एक उणीव होती. गुण मिळायचे ते फक्त गडी बाद केल्यावर. एखादी तुकडी चार मिनिटं पळाली तरी तिच्या नावावर गुण शून्य. मराठी वर्तमानपत्रं मात्र कोण किती मिनिटं, किती सेकंद पळालं हे नेमाने छापत आली आहेत. म्हणजे त्या पळण्याची किंमत वाचकाला आधीच कळत होती, गुणफलकाला नव्हे.

२०२२ मध्ये 'अल्टिमेट खो खो' लीग आली आणि आकडे बदलले. मैदानात ९ ऐवजी ७ खेळाडू, डाव ९ ऐवजी ७ मिनिटांचा. पाठलागासाठी 'वजीर' आला, त्याला कुठल्याही दिशेने पळायची मुभा. हा जबरदस्त बफ आहे, म्हणूनच एरवी वजीर एकच आणि पॉवरप्लेमध्ये दोन. दुसऱ्या पारड्यात 'ड्रीम रन' टाकला: ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकलात की पळणाऱ्यांनाही गुण.

बीडची कर्णधार, दिल्लीचा अंतिम सामना

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. शेवटच्या डावात चैत्रा बी.च्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ नेपाळला झुलवलं आणि ड्रीम रनचे ५ गुण मिळवले.

आता हिशेब पाहा. एक गडी बाद केला की २ गुण. म्हणजे पाच मिनिटं जीव तोडून पळणं हे अडीच गडी बाद करण्याइतकं. तेवढा वेळ प्रतिस्पर्ध्याचे गुणही रोखले जातात हे खरं, तरी दर पळणाऱ्यांना महागच पडतो. पण तो फार वाढवला तर संघ पाठलागाचा सराव सोडून नुसते पळणारेच घडवतील. त्यामुळे इथे घाईने बफ देणंही धोक्याचं.

खरा प्रश्न गावातल्या मैदानावर आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आजही ९ खेळाडूंच्या जुन्या पद्धतीने होते. ९ मिनिटांच्या डावात दमसास आणि साखळी लागते, ७ मिनिटांच्या डावात झटका आणि सूर. मातीवर पाय रोवून वळणारी मुलगी मॅटवर बूट घालून वेगळ्या तऱ्हेने वळते. केजच्या किंवा आष्टीच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला या दोन्हींसाठी एकाच मुलीला तयार करायचं असतं, बहुतेकदा मॅटशिवाय.