दोन डोळे, एक नजर

काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील आठवीच्या मुलांना आम्ही शहरात थ्रीडी चित्रपट दाखवायला नेले होते. चष्मे विकत घ्यावे लागले, त्यामुळे ते मुलांबरोबर घरी आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आले. कोणी पडद्यातून निघालेल्या पक्ष्याला हात लावायला कसा गेलो ते सांगत होता, कोणी दचकून ओरडलेल्या मित्राची नक्कल करीत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मुझे तो कुछ बाहर आता नहीं दिखा." वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "तू झोपला असशील." या हसण्याची आठवण आम्हाला आजही टोचते.

त्याच तासाला एका हुशार मुलाने भिंतीवरच्या मुस्लिम शास्त्रज्ञांच्या तक्त्याकडे बोट दाखवले. "सर, थ्रीडी तर आपल्याच इब्न अल-हैथमने शोधले ना?" हे वाक्य त्याचे नव्हते, आमचेच होते. विज्ञान प्रदर्शनाच्या भाषणात आम्ही ते मोठ्या अभिमानाने ठोकून दिले होते. खरे-खोटे तपासावे असे तेव्हा वाटले नाही. त्या दिवशी वाटले, म्हणून हा इतिहास मुळापासून पाहिला.

इब्न अल-हैथम सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मले आणि सुमारे 1040 मध्ये काहिरात वारले. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचा सात भागांचा ग्रंथ. डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला शिवतात, म्हणून ती दिसते, हा युक्लिड आणि टॉलेमी यांचा विचार त्यांनी नाकारला. वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो, असे त्यांनी मांडले. पुढचा प्रश्न असा की, डोळे दोन असताना वस्तू एकच का दिसते? त्यासाठी त्यांनी साधी लाकडी फळी घेतली. एका टोकाला नाक बसेल अशी खाच केली आणि फळीवर मेणाचे छोटे तुकडे उभे केले. नजर मधल्या तुकड्यावर रोखली की तो एकच दिसतो. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा मात्र दोन-दोन दिसतात. टॉलेमीनेही अशा फळीचा उपयोग केला होता. इब्न अल-हैथम यांनी ती सुधारली आणि प्रत्येक निरीक्षण बारकाईने नोंदवले.

पण दोन डोळ्यांच्या चित्रांतील फरकातूनच खोली जाणवते, हे त्यांनी सांगितलेले नाही. थ्रीडी त्यांनी शोधले नाही. एवढे कबूल केल्याने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर 1200 च्या आसपास झाले आणि 1572 मध्ये ते बाझेल येथे छापले गेले. केपलरसारख्या शास्त्रज्ञाने ते अभ्यासले. इकडे इराणच्या कमालुद्दीन फारसी यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच ग्रंथावर भाष्य लिहिले आणि इंद्रधनुष्याचे कोडे पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलावर प्रयोग करून सोडवले. इल्म कोणाच्या घरी मुक्कामाला राहत नाही. जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे ते जाते.

खोलीचे गुपित 1838 मध्ये लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी उघड केले. दोन डोळ्यांत थोडे अंतर असल्यामुळे प्रत्येकाला थोडे वेगळे चित्र मिळते आणि मेंदू त्या फरकातून जवळ-दूर ओळखतो. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे काढली आणि दोन आरसे तिरपे लावून एकेक चित्र एकेका डोळ्याला दाखवले. सपाट रेषा उठून उभ्या राहिल्या. त्या यंत्राला त्यांनी स्टिरिओस्कोप हे नाव दिले. 1849 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याचे भिंगाचे सुटसुटीत रूप केले आणि 1851 च्या लंडन प्रदर्शनानंतर ते घरोघर गेले. पण त्यात एका वेळी एकच माणूस डोकावू शकत असे. शेकडो लोकांना एकाच पडद्यावर दोन चित्रे दाखवायची आणि तरीही ज्या डोळ्याचे चित्र त्यालाच पोचवायचे, ते कसे?

त्याचे उत्तर प्रकाशाच्या एका गुणधर्मात होते. दोरीचे एक टोक बांधून दुसरे हलवले तर लाटा उठतात. मध्ये खिडकीचे उभे गज असतील तर खाली-वर होणारी लाट त्यांतून पार होते, आडवी लाट अडते. साध्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने असतात. त्यांतील एकाच दिशेची निवडली की त्याला ध्रुवीभूत, म्हणजे पोलराइज्ड, प्रकाश म्हणतात. 1808 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश स्फटिकातून पाहताना एतिएन मालुस यांना हा गुण दिसला. हेच मालुस 1798 मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर इजिप्तवर चालून गेले होते. ज्या काहिरात इब्न अल-हैथम यांनी अखेरचा श्वास घेतला, तिथेच ते लष्करी अभियंता म्हणून होते. इतिहास कधी कधी असा विचित्र फेरा घेतो.

1852 मध्ये इंग्लंडमधील डॉ. हेरापथ यांच्या शिष्याने हिवतापावरचे क्विनाइन खाल्लेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले. त्यात हिरवट, चमकदार स्फटिक तयार झाले. ते प्रकाशाच्या एकाच दिशेला वाट देत होते, पण आकाराने फारच लहान होते. अमेरिकेच्या एडविन लँड यांनी 1929 मध्ये असे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेला ओळीने लावून त्यांचा मोठा पारदर्शक पत्रा तयार केला. तेच पोलरॉइड. आता चष्मा शक्य झाला. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात लोकांनी पोलराइज्ड चष्मे लावून थ्रीडी चित्रपट पाहिला आणि 1952 मध्ये अमेरिकेत 'ब्वाना डेव्हिल' आला. त्यासाठी दोन प्रोजेक्टर लागत आणि ते जरासे मागेपुढे झाले की प्रेक्षकांचे डोके दुखे. पडदाही चंदेरी लागे, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर प्रकाशाची दिशा विस्कटून जाते. आपल्याकडे 1984 मध्ये मल्याळममध्ये 'माय डिअर कुट्टिचातन' हा भारतातील पहिला थ्रीडी चित्रपट निघाला. तोच पुढे हिंदीत 'छोटा चेतन' झाला. तो पाहताना आमच्या पिढीतील मुलांनी अंधारात हात पुढे केले होते. आम्हीही केला होता.

या कथेतला शेवटचा धागा म्हणजे द्रवस्फटिक, लिक्विड क्रिस्टल. 1888 मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनित्झर यांना एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला: 145.5 अंशांवर गढूळ द्रव, 178.5 अंशांवर स्वच्छ. गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागत होता. ऐंशीहून अधिक वर्षे ते प्रयोगशाळेतले कुतूहलच राहिले. 1970 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिख यांनी दाखवले की, द्रवस्फटिकाचा पातळ थर प्रकाशाची दिशा 90 अंशांनी वळवतो आणि विजेचा दाब दिला की वळवणे थांबवतो. कॅल्क्युलेटरचे काळे आकडे यावरच चालतात.

मग हे झडपेसारखे वापरून दोन डोळ्यांची चित्रे आळीपाळीने का पाठवू नयेत? 1980 मध्ये कॅलिफोर्नियात स्टिरिओग्राफिक्स ही कंपनी काढणारे लेनी लिप्टन याच ध्यासात होते. त्यांनी प्रथम द्रवस्फटिकाची झडप चष्म्यातच बसवली. असे चष्मे महाग पडत. मग झडप प्रेक्षकाच्या नाकावरून उचलून प्रोजेक्टरच्या तोंडाशी ठेवली गेली. द्रवस्फटिकाची ती काच सेकंदाला 144 वेळा प्रकाशाचा फिरण्याचा रोख बदलते, एकदा डावा, एकदा उजवा. एकच प्रोजेक्टर पुरतो, चष्मा स्वस्त होतो आणि मान तिरकी केली तरी चित्र फाटत नाही. 2005 मध्ये रियलडी कंपनीने स्टिरिओग्राफिक्स विकत घेतली. त्याच वर्षी 'चिकन लिटल' आणि 2009 मध्ये 'अवतार' अशा तऱ्हेने दाखवले गेले. घरच्या थ्रीडी टीव्हीची हौस मात्र 2017 पर्यंत विरली.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही वर्गात दोन प्रयोग केले. पहिला चष्म्याचा. त्याची डोळ्याकडची बाजू कॅल्क्युलेटरकडे धरून चष्मा हळूहळू फिरवला आणि आकड्यांची पाटी काळी झाली. मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसरा प्रयोग इब्न अल-हैथम यांचा. सुतारकामातली एक फळी घेतली, नाकासाठी खाच पाडली, मेणबत्तीचे तीन तुकडे उभे केले आणि एकेकाला बोलावले. "मधल्याकडे बघ. पुढचा किती दिसतो?" "दो, सर." "दो, सर." सगळे हेच सांगत होते.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आला. त्याने बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाला, "एकच, सर."

या वेळी आम्ही हसलो नाही. त्याचा एक डोळा झाकून फळ्यावरची ओळ वाचायला लावली. उजव्या डोळ्याने त्याने ती भरभर वाचली, डाव्या डोळ्याने त्याला अक्षरेही लागेनात. त्याच्या अब्बांना बोलावून आम्ही नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. तिथे त्याला पोलराइज्ड चष्मा लावून माशीचे मोठे चित्र दाखवले. ज्यांना खोली दिसते ती मुले माशीचे पंख हवेत चिमटीत धरायला जातात; याचे बोट कागदावर टेकले. अशी चित्रे लँड यांच्याच कंपनीत 1940 च्या सुमारास निघालेल्या तंत्राने बनतात. डाव्या डोळ्याचा नंबर मोठा होता आणि मेंदूने त्या डोळ्याकडे पाहणेच सोडून दिले होते. याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा इलाज लहान वयात जास्त लागू पडतो. तेराव्या वर्षी किती गुण येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. "पहिलीत असताना आणले असते तर..." एवढेच ते म्हणाले.

आठ वर्षे तो मुलगा आमच्या शाळेत होता. तेवढी वर्षे इब्न अल-हैथम यांचे चित्रही भिंतीवर होते. आम्ही त्याच्याकडे अभिमानाने बोट दाखवत राहिलो. त्यांची फळी मात्र एकदाही हातात घेतली नाही. ती घेतली असती तर हा डोळा वेळेवर कळला असता.

तक्ता अजून भिंतीवर आहे. त्याखाली आता ती फळी टांगलेली असते. दरवर्षी जूनमध्ये पहिलीची मुले आली की, आम्ही एकेकाचे नाक त्या खाचेत टेकवतो आणि विचारतो, "बेटा, कितने दिखते हैं?"