मार्सेयच्या धक्क्यावरची काही मिनिटं

जॅक्सनच्या खुनाची गोष्ट नाशिककरांना तोंडपाठ असते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, ‘शारदा’चा प्रयोग, बदली झालेला कलेक्टर आणि पिस्तूल घेऊन आलेला कोवळा अनंत कान्हेरे. या प्रकरणाचा एक धागा थेट हेगपर्यंत गेला होता, हे मला मात्र फार उशिरा कळलं.

ते पिस्तूल विनायक सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्यांपैकी होतं, असा सरकारचा आरोप. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनला अटक झाली आणि पुढे ‘मोरिया’ बोटीने मुंबईकडे रवाना केलं. ८ जुलैला बोट मार्सेय बंदरात असताना ते पोर्टहोलमधून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले. आता पायाखाली फ्रान्सची जमीन होती. परक्या देशातला आरोपी हवा तर रीतसर मागायचा, आणि राजकीय गुन्ह्यासाठी मागितला तर सहसा द्यायचा नाही, हा तेव्हा युरोपात रुळलेला संकेत. पण एका फ्रेंच जाँदार्मने त्यांना धरलं आणि काही मिनिटांत बोटीवर परत नेऊन दिलं. ना कोर्ट, ना कागद. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

पॅरिसच्या ‘लुमानिते’त मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने हे प्रकरण लावून धरलं. फ्रान्सने कैदी परत मागितला, ऑक्टोबरमध्ये दोन्ही देशांनी लवाद मान्य केला. मुंबईत मात्र विशेष न्यायालयात, ज्युरीविना, खटला चालूच राहिला. २३ डिसेंबरला पहिली जन्मठेप, ३० जानेवारी १९११ ला दुसरी.

हेगचा निकाल आला २४ फेब्रुवारीला. पाच पंचांपैकी बेर्नार्ट आणि रनो हे दोघे शांततेचं नोबेल मिळालेले. पंचांनी म्हटलं, ताबा देताना अनियमितता झाली खरी. पण ब्रिटनने फसवणूक किंवा जबरदस्ती केलेली नाही, तेव्हा कैदी परत करायचं बंधन नाही. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर बग मान्य, तिकीट बंद.

जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, आणि खून तो खूनच. सावरकरांच्या पुढच्या राजकारणावर भांडायला मी कधीही तयार आहे. पण इथे प्रश्न आरोपी कसा होता हा नाहीच. हेगमध्ये एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला ब्रिटन. ज्याच्या पन्नास वर्षांचा सवाल होता, त्याला तिथे उभं राहायला जागाच नव्हती.

४ जुलै १९११ ला सावरकर अंदमानात पोहोचले. मार्सेयला वर्ष व्हायला चार दिवस कमी होते.