पाठ झाल्याशिवाय सुटता येत नाही : मुंबईच्या जॅझची शाळा

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असा आपल्याकडे एक समज आहे. आम्हाला तो मान्य नाही, आणि त्याचा इतिहास मुंबईतच सापडतो.

1935 च्या अखेरीस लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या ताफ्यात गोव्याचे काही तरुण शिरले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यांतलेच. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. अशा शाळेतून आलेल्या वादकासमोर कागद ठेवा, बिनचूक वाजवणार. पण कागद काढून घेतला तर?

जॅझमध्ये नेमकं तेच होतं. तिथे ‘स्टँडर्ड’ म्हणतात ती सर्वांना ठाऊक असलेली गाणी. त्यांतली बरीचशी बत्तीस बारांची, आठ-आठचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथ्यात पुन्हा पहिला. सुरुवातीला चाल सरळ वाजते. मग चाल गळून पडते. खाली कॉर्डची साखळी मात्र आवर्तनासारखी फिरत राहते. तिच्यावर वादकानं नवी वाक्यं रचायची, आणि आपण कितव्या बारात आहोत हे क्षणभरही विसरायचं नाही. सम चुकलेला गवई आणि हा, दोघांची फजिती सारखीच!

म्हणून शिकायचं ते गाण्यांतून. गर्शविनचं ‘आय गॉट रिदम’ 1930 चं. त्याच्या कॉर्डवर पुढे कितीतरी नव्या चाली बांधल्या गेल्या; हे एक पाठ केलं की त्या सगळ्यांची वाट कळते. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असे, ते आठवा. फरक एवढाच, की तिथे चाल राहायची आणि शब्द बदलायचे. इथे चालच बदलते, तिच्या खालचा पाया राहतो. आज वर्गात ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणून जे शिकवतात, ते ऐकून-वाजवून बोटांत आधीच बसलेल्या गोष्टीला दिलेलं नाव आहे. नियम माहीत असणं आणि नियमानं वागता येणं यांत अंतर असतं. आम्ही तत्त्वज्ञानवाले त्यावर ग्रंथ लिहितो, ट्रंपेटवाला ते एका रात्रीत दाखवून देतो.

आता आपल्या जवळचं बघू. वैजापूरच्या पलीकडे गोदावरीकाठी पुणतांबे आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, 1918 साली तिथे जन्मले. घडण रागसंगीताची, गुरू विनायकबुवा पटवर्धन. त्यांना साथ मिळाली हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांची. हा ट्रंपेटवादक आर्मस्ट्राँगच्या वळणाचा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. एकाकडे चाल, दुसऱ्याकडे तिच्याखाली कॉर्ड घालण्याची आणि मधल्या जागा भरण्याची विद्या. असे वादक रात्री हॉटेलात वाजवत, दिवसा स्टुडिओत.

आम्हाला खटकतं ते पुढचं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार असे, पण स्वरमेळ लिहिणाऱ्या या गोव्याच्या मंडळींची नावं बहुधा नसत. ‘अलबेला’ (1951) त्याला थोडा अपवाद म्हणायचा. त्यात चिक चॉकलेट आणि त्याचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून. पुढच्या वेळी बघाल तेव्हा भगवानदादांच्या पावलांवरून नजर जरा मागे न्या.