खऱ्यासारखी बंदूक

जपानमध्ये साध्या माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. शिकारीची बंदूक मिळते, पण त्याआधी लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला आणि पोलिसांची चौकशी असं सगळं पार पाडावं लागतं. लष्करी रायफलचं तर नावच काढायला नको. आणि तरीही लष्करी रायफलींच्या अगदी हुबेहूब प्रतिकृती बनवणारे लोक आणि कारखाने याच देशात आहेत. बंदूक नसलेल्या देशाला बंदुकीच्या नकलेचं एवढं वेड का असावं?

नोकरीनिमित्त काही वर्षं नागोयाजवळ राहिलो, तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे हे प्रकरण जवळून बघायला मिळालं. त्याला एअरसॉफ्टचा नाद होता. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबाने मारणारी खेळण्यातली बंदूक. आपल्या जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीची ही लांबची, आणि बरीच श्रीमंत, चुलत बहीण. त्याच्याकडे जपानी भूदलाच्या 'टाइप ८९' रायफलची प्रतिकृती होती. विकत आणलेली होती खरी, पण तो ती गेली दोन वर्षं 'बांधत' होता.

बांधायचं काय त्यात? पुष्कळ! प्लॅस्टिकची चकाकी घालवायची. खऱ्या रायफलच्या पोलादाला जो राखाडी-काळा रंग असतो तो आणायचा. वजन पटलं पाहिजे म्हणून काही भाग धातूचे बसवायचे. खरी रायफल हातात मिळणं शक्यच नाही, तेव्हा लष्करी छावण्यांच्या 'खुल्या दिवशी' जाऊन फोटो काढायचे आणि त्यावरून ओरखडासुद्धा जुळवायचा. सगळ्यात मजेशीर म्हणजे काळी टेप. जपानी सैनिक सरावाच्या वेळी रायफलच्या सुटण्यासारख्या भागांवर काळी टेप गुंडाळतात. कारण एखादा भाग पडला, तर तो सापडेपर्यंत अख्खी तुकडी गवतात शोधत बसते. सरावात उडवलेल्या काडतुसांची रिकामी टरफलंसुद्धा तिथे मोजून परत द्यावी लागतात. माझ्या सहकाऱ्याने टेप तर गुंडाळलीच, वर टरफलं झेलायची जाळीही लावली. आता एअरसॉफ्टमधून टरफल बाहेर पडतच नाही! "मग जाळी कशाला?" असं विचारल्यावर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "खऱ्याला असते."

हसू आलं, पण नंतर वाटलं की त्याने फक्त रायफलची नक्कल केलेली नाही. त्या लष्कराच्या स्वभावाची केली आहे. प्रत्येक टरफल मोजणारं लष्कर कसलं असेल, हे ती निरुपयोगी जाळी सांगत होती.

नकलेची ही गोष्ट तशी फार जुनी आहे. १५४३मध्ये तानेगाशिमा या दक्षिणेकडच्या बेटावर एक जहाज लागलं. त्यावरच्या पोर्तुगिजांकडे तोड्याच्या बंदुका होत्या. त्या बंदुकांची ठेवण गोवा-मलाक्का भागात बनणाऱ्या बंदुकांशी जुळते असं काही अभ्यासक मानतात, म्हणजे धागा आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतो म्हणायचा. बेटाच्या तरुण सरदाराने बंदुका विकत घेतल्या आणि याइता किन्बेए नावाच्या लोहाराला तशीच बनवायला सांगितली. तलवारी घडवणाऱ्या माणसाला नळी जमली, पण नळीचं मागचं टोक बंद करणारा स्क्रू काही केल्या जमेना. स्क्रू ही चीजच तिथे कोणाला ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या जहाजातून आलेल्या कारागिराकडून ती युक्ती मिळाली. त्यासाठी किन्बेएने आपली मुलगी परदेशी माणसाला दिली अशी दंतकथाही आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. किन्बेएची पहिली नक्कल दिसायला बंदूकच होती. अडलं होतं ते आतल्या, न दिसणाऱ्या स्क्रूपाशी. तो मिळाला आणि मग देशभर बंदुका झाल्या. १५७५च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदुकधाऱ्यांनी ताकेदांच्या सैन्याची धूळधाण उडवली. १५८८मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रं गोळा करायचा हुकूम काढला आणि सांगितलं काय, तर या लोखंडाचे खिळे बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामी येतील! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात पुन्हा शस्त्रं काढून घेतली गेली आणि १९५८मध्ये बंदुका-तलवारींचा आजचा कायदा आला.

खरी बंदूक गेली, पण चित्रपटांत ती होतीच. १९६०च्या दशकात 'मॉडेल गन' निघाल्या. धातूच्या, आतून बाहेरून खऱ्यासारख्या, फक्त गोळी न सुटणाऱ्या. मग गुन्ह्यांत त्या दिसू लागल्या आणि १९७१मध्ये कायदा बदलला. धातूचं नकली पिस्तूल पांढरं किंवा पिवळं रंगवायचं आणि नळी बंद करायची. १९७७मध्ये निर्बंध आणखी आवळले. खरेपणाची हौस म्हणून थांबली असं नाही. ती प्लॅस्टिककडे वळली. प्लॅस्टिकला काळा रंग चालत होता. मग त्यातून छोट्या गोळ्या सुटू लागल्या आणि १९९१मध्ये टोकियो मारुई या कंपनीने फ्रेंच 'फामास' रायफलची विजेवर चालणारी प्रतिकृती आणली. मोटर आणि दातेरी चाकं. ती दट्ट्या मागे ओढून स्प्रिंग दाबतात. दट्ट्या सुटला की पुढची हवा गोळीला ढकलते. बस, एवढंच यंत्र. जगभरच्या एअरसॉफ्ट रायफली आजही बहुतेक याच धर्तीवर चालतात.

२००५मध्ये ताकद वाढवलेल्या अशा बंदुकांनी चालत्या गाड्यांवर गोळ्या मारण्याचे प्रकार घडले, आणि २००६च्या दुरुस्तीने ६ मिलिमीटरच्या गोळीची मर्यादा साधारण ०.९८ ज्यूलवर बांधली. म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९ मीटरच्या आसपास. खऱ्या ५.५६ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा सुमारे १७०० ज्यूल असते. बाहेरून जुळी भावंडं आणि आत हा एवढा फरक.

त्याच २००६मध्ये मारुईची टाइप ८९ बाजारात आली. जपानी भूदलानेही इमारतींमधल्या लढाईच्या सरावासाठी ही खेळण्यातली रायफल घेतली. खऱ्याची नक्कल खऱ्याच्या घरी कामाला लागली!

खरी टाइप ८९ बनवली ती होवा कंपनी आमच्यापासून लोकलने जवळच, कियोसुला. १९०७मध्ये साकिची तोयोदांचे यंत्रमाग बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी. कियोसु म्हणजे नोबुनागाचं जुनं ठाणं. तिथे आज दिसणारा त्याचा किल्ला काँक्रीटचा आहे, १९८९मध्ये बांधलेला. रायफलही १९८९चीच. आणि ही खरी रायफल तरी किती 'खरी'? २००४ ते २००६ या काळात जपानी तुकड्या इराकमध्ये समावाला होत्या, तेव्हा ती सोबत होती. शत्रूवर एकही गोळी न झाडता ती परत आली. तिच्या आधीच्या टाइप ६४ रायफलच्या खटक्यावर 'आ', 'ता', 'रे' अशी अक्षरं होती. सुरक्षित, एकेक आणि सलग या शब्दांची आद्याक्षरं. एकत्र वाचली की जपानीत अर्थ होतो 'नेम लागू दे'. सैनिकांचा हा आवडता विनोद. टाइप ८९वर तिप्पट गोळ्यांचा '३' आला, क्रम बदलला आणि विनोद गेला. माझ्या सहकाऱ्याला याचं खरोखर वाईट वाटायचं.

इथवर सगळं गमतीचं वाटतं. पण दोन घटना मनातून जात नाहीत.

अमेरिकेत १९८८च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची झाली. २२ नोव्हेंबर २०१४ला क्लीव्हलंडमध्ये १२ वर्षांचा एक काळा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांना फोन करणाऱ्याने 'बहुधा नकली असावं' असंही सांगितलं होतं, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला.

दुसरी घटना ८ जुलै २०२२ची, नारा शहरातली. माजी पंतप्रधान शिंझो आबे भर सभेत मारले गेले. ज्या हत्याराने मारले गेले ते कुठल्याच बंदुकीसारखं दिसत नव्हतं. काळ्या टेपने गुंडाळलेली एक वेडीवाकडी घरगुती वस्तू. पहिला आवाज झाला तेव्हा ती बंदूक आहे हे आजूबाजूच्या कित्येकांना कळलंही नाही.

क्लीव्हलंडमध्ये नुसतं रूप होतं, ताकद नव्हती, आणि रूपानेच जीव घेतला. नाऱ्यात ताकद होती, रूप नव्हतं. पिवळा रंग, नारिंगी टोक, ०.९८ ज्यूल... कायदा कधी रूपाला हात घालतो, कधी ताकदीला. दोन्ही गरजेचंच आहे. पण बघणाऱ्याच्या मनातली भीती आणि धरणाऱ्याच्या मनातला हेतू, या दोन गोष्टींना कुठला रंग लावायचा?

माझा सहकारी घराबाहेर पडताना रायफल कायम बंद पिशवीत नेतो, बॅटरी काढून. मैदानावर पोचेपर्यंत कोणाला ती दिसता कामा नये. सगळा जीव ती खरी दिसण्यासाठी ओतायचा, आणि ज्याला ती खरी वाटेल त्याच्या नजरेला पडू द्यायची नाही! वरवर विसंगत वाटतं, पण मला त्यात शहाणपण दिसतं. आपली नक्कल किती चांगली झाली आहे हे त्याला ठाऊक आहे. ती पिशवीत ठेवायची जबाबदारी तिथूनच सुरू होते.